आपोआप बंद पडणारा क्लास

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा क्लासमध्ये सकाळची बॅच चालू होती. वीस टाइपरायटर एकदम वाजत असले की त्या खोलीत दुसरा आवाज ऐकू येत नसे, त्यामुळे बाबा खुर्चीवरून कलंडून खाली पडले ते कुणालाच कळलं नाही. पुढच्या बाकावरच्या एका मुलीचा कागद संपला. नवा मागायला तिने मान वर केली, तर खुर्ची रिकामी. ती उठून टेबलामागे गेली आणि मग ओरडली.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि फोर्टात एका डीटीपीच्या दुकानात कामाला जात होते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दुकानांची पत्रकं, सगळं मराठीत कॉम्प्युटरवर जुळवायचं. त्याच कामाच्या जोरावर बेंगळुरूच्या एका छोट्या कंपनीने मला बोलावलं होतं. आपल्या भाषांची अक्षरं कॉम्प्युटरसाठी तयार करायची, असं ते काम. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं होतं. तिकीट काढून झालं होतं.

फणसवाडीतल्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर बाबांचा टायपिंगचा क्लास आणि तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. धाकटा भाऊ बाहेरगावी हॉस्टेलवर राहून इंजिनियरिंग करत होता. म्हणजे हॉस्पिटलात बाबांच्या उशाशी मीच. तिसऱ्या दिवशी त्यांना थोडं बोलता येऊ लागलं. ओठांचा उजवा कोपरा हलत नव्हता, उजवा हात चादरीवर दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडला होता.

"परीक्षेला पाच महिने आहेत," ते म्हणाले. "पोरांचे फॉर्म भरून झालेत. तोवर तू बस."

"आणि नंतर?"

"नंतर काय? तूच सांगतेस ना, कॉम्प्युटर आले, आता दोन वर्षांत मशीन बंद. क्लास आपोआप बंद पडेल. तोवर बस."

मी खरंच तसं सांगत असे. रात्रीच्या जेवणाला रोज तोच वाद असायचा. दुकानात कॉम्प्युटरवर मी कीबोर्डाची जी नवी मांडणी शिकले होते, तिच्यात जसं बोलतो तसं टाइप करायचं. 'कि' हवा असेल तर आधी क आणि मग वेलांटी. बाबांच्या मशीनवर उलटं. आधी वेलांटी आणि मग क, कारण कागदावर वेलांटी आधी दिसते. श, ध, भ ही अक्षरं तर अर्धीच उमटायची, मागून काना देऊन ती पुरी करायची. मी बाबांना म्हणायचे, हा सगळा लोखंडाचा नाइलाज आहे, लोखंड गेलं की हेही जाईल. त्या दिवशी बाबांनी माझंच बोलणं मला परत केलं आणि मी त्यावर विश्वास ठेवला. माझंच होतं, न ठेवून काय करणार?

बेंगळुरूला पत्र लिहून सहा महिन्यांची मुदत मागितली. त्यांनी दिली. सहा महिन्यांनी परत मागितली, तीही त्यांनी कुरकुरत दिली. तिसऱ्यांदा मी पत्रच लिहिलं नाही.

एक परीक्षा संपते न संपते तोच पुढचे विद्यार्थी जिना चढून यायचे. कुणाला कारकुनाच्या जागेसाठी सर्टिफिकेट हवं असे, कुणाला कोर्टात लागायचं असे, कुणाला बढतीसाठी मिनिटाला तीस शब्दांचा स्पीड पुरा करायचा असे. सकाळी तीन बॅच, संध्याकाळी चार. मधल्या वेळात वर जाऊन स्वयंपाक, बाबांची आंघोळ, त्यांच्या मुठीत रबरी चेंडू देऊन हाताचा व्यायाम. दोन मजल्यांच्या मधे सोळा पायऱ्या. काही आठवडे असे गेले की त्या सोळा पायऱ्यांपलीकडे माझं पाऊल पडलं नाही. क्लासच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची आणि तिच्यावरचा पाण्याचा पाइप. त्या पाइपावर किती सांधे आहेत ते मी आजही न बघता सांगू शकते.

सगळ्यात वाईट म्हणजे माझी बोटं. शेजारच्या वहिनी येऊन बोलत बसल्या की त्यांचं बोलणं माझी बोटं मांडीवर टाइप करायची. आधी वेलांटी, मग अक्षर. ज्या मांडणीला मी नावं ठेवत होते ती वर्षभरात माझ्या हातात उतरली होती, आणि दुकानात शिकलेली नवी मला आठवून आठवून आणावी लागत होती.

दर जूनमध्ये मी म्हणायचे, हे शेवटचं वर्ष. बंदच पडणार म्हणून बाहेरची पाटी रंगवली नाही. बंदच पडणार म्हणून डुगडुगणारी बाकं बदलली नाहीत, खाली पुठ्ठ्याच्या घड्या सरकवल्या. दोन स्थळं आली. दोघांनाही मी सांगितलं, वर्षभर थांबा, क्लास तेवढा बंद होऊ दे. ते थांबले नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मशीन दुरुस्त करायला परळहून एक म्हातारे मेस्त्री यायचे. ते तेल घालून, दांड्या सरळ करून, मशीनला थोपटत म्हणायचे, "बाई, आता धा वर्षं बघायला नको." त्यांना वाटायचं मी खूश होईन.

मी चाळिशीला आले तेव्हाची एक सकाळ मला स्पष्ट आठवते. साठीतले एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. ते स्वतः बाबांकडे शिकले होते आणि नंतर जन्मभर विमा कंपनीत आयुर्मानाची गणितं करत होते. मुलीचा फॉर्म भरून झाल्यावर ते खोलीभर बघत राहिले.

"मी शिकलो ते याच बाकावर," ते म्हणाले. "आता मुलगी. तुमचं काही बंद होत नाही, मॅडम."

"होणार हो," मी म्हटलं. "दोन-तीन वर्षांत."

"कशावरून?"

"जुनं झालं ना सगळं."

ते हसले. "माणूस जुना झाला की त्याचे दिवस कमी उरतात. आमचा सगळा धंदाच त्यावर. पण पद्धती, शोध, चालीरीती यांचं उलटं असतं. काल निघालेली गोष्ट उद्या दिसेल की नाही, कुणी सांगावं? पण जी पन्नास वर्षं टिकली तिने तेवढ्या काळात तिला मारायला आलेलं सगळं पचवलेलं असतं. ती आणखी पन्नास टिकेल असं धरून चालावं. सुई बघा ना घरातली. कोण बदलतंय तिला?"

"आणि तोवर मी कुठे असेन?" मी विचारलं. त्यांना तो विनोद वाटला.

ते गेल्यावर मी बाबांना वाढलं आणि स्वतः न जेवता क्लासमध्ये येऊन बसले. त्या माणसाने कौतुकच केलं होतं. पण इतकी वर्षं मी ज्या गोष्टीच्या मरणाची वाट बघत होते ती जितकी म्हातारी होत होती तितकं तिचं आयुष्य वाढत होतं, आणि माझं नेमकं उलट चाललं होतं. दाराला कडी घातलेली नव्हती, दार सताड उघडं होतं. तरी मला त्या दुपारी श्वास पुरेना.

मग एक दिवस खरंच सरकारी पत्रक निघालं. टाइपरायटरवरची परीक्षा बंद. मी ते पान तीनदा वाचलं आणि सोळा पायऱ्या धावत चढून बाबांना दाखवलं.

"बघ, म्हटलं होतं ना," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

भंगारवाल्याची माणसं आली. एकेक जण एकेक मशीन खांद्यावर घेऊन जिना उतरत होता. वळणावर मशीन कललं की वरचा दांडा सरके आणि घंटी वाजे. वीस मशीनं उतरेपर्यंत अख्ख्या चाळीला त्या घंट्या ऐकू आल्या. शेजारच्या वहिनी डोळे पुसत होत्या. मी कोरडीच होते. खोली एकदम मोठी दिसायला लागली होती.

दोन आठवडे मी दुपारी झोपले. चौपाटीपर्यंत जाऊन आले, खोताच्या वाडीतून उगाच चालून आले. मग धीर करून फोर्टातल्या जुन्या मालकांना फोन लावला. बेंगळुरूची ती कंपनी अजून आहे का, तिथे आता माझ्यासारखीला कुणी घेईल का, एवढंच विचारायचं होतं.

"अगं, ती?" मालक म्हणाले. "ती तर चार वर्षांत बंद पडली. मोठ्या कंपन्या अक्षरं फुकट द्यायला लागल्या ना. तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी जिथे असायला हवी होते असं मला वाटत होतं, ती जागा केव्हाच राहिली नव्हती. भाऊ म्हणाला, बरंच झालं ना मग, ताई, गेली नाहीस ते. शेजारीही तेच म्हणाले. मला तसं वाटलं नाही. तिथे जाऊन चार वर्षांनी रस्त्यावर यायचं होतं, तर तेही माझ्या वाट्याला यायला हवं होतं.

त्याच आठवड्यात एक बाई मुलीला घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"मॅडम, अ‍ॅडमिशन चालू झाली का?"

"मशीनची परीक्षा बंद झाली," मी म्हटलं.

"हो, आता कॉम्प्युटरवर आहे ना. म्हणूनच लवकर आलो."

पत्रकाला दुसरं पान होतं. ते मी वाचलंच नव्हतं. परीक्षा कॉम्प्युटरवर, पण स्पीड तोच, पत्रांचे नमुने तेच, आणि कीबोर्डाची जुनी मांडणीही जशीच्या तशी. कॉम्प्युटरवर वेलांटी आधी टाइप करायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी ती आधीच. भावाने पंधरा दिवसांत ओळखीने कॉम्प्युटर पाठवले. ते त्याच बाकांवर बसले, पुठ्ठ्याच्या घड्यांसकट. मी वीसेक वर्षं लोखंडाकडे बघत बसले होते. ते मोडेल आणि मी सुटेन. लोखंड गेलं, आणि एका कारकुनाकडून दुसऱ्या कारकुनाला मिळालेली बोटांची सवय जिथल्या तिथे होती.

तेव्हा मी पहिल्यांदा भांडायचं ठरवलं. परीक्षेत नवी मांडणीही चालते हे मी शोधून काढलं. कॉम्प्युटरच्या पहिल्या बॅचमध्ये डिलाईल रोडहून येणारी एक मुलगी होती. आजोबा गिरणीत होते, वडील एका टॉवरवर सिक्युरिटीत. हात विलक्षण हलका. तिला मी नवी मांडणी शिकवली. तीन महिन्यांत तिने सगळ्यांना मागे टाकलं. मी मनात म्हटलं, अशा दहा बॅच काढल्या तर जुनी मांडणी माझ्या हातूनच मरेल. मुलगी पास झाली, एका सरकारी ऑफिसात कंत्राटावर लागली, पेढे देऊन गेली.

आठ महिन्यांनी परत आली.

"मॅडम, जुनं शिकवा ना."

"का गं?"

"ऑफिसात सगळे जुन्यावर. कोण सुट्टीवर गेलं की त्याच्या जागी मला बसवतात. मी माझं सेटिंग लावलं की साहेब ओरडतात, ह्यांचं बिघडवलंस म्हणून. बारा जणांची बोटं जुनी आहेत, मॅडम. माझी एकटीची नवी असून काय फायदा?"

"पण तुझी पद्धत चांगली आहे."

"चांगलीच आहे. पण मला त्यांच्यात बसायचंय ना."

मी तिला जुनं शिकवलं. अंगवळणी पडलेलं सोडून दुसरं शिकायला तिला दोन महिने लागले. माझ्यासमोर बसून ती चुकायची, जीभ चावायची, खोडायची, आणि तिच्या प्रत्येक चुकीचं कारण मी होते. तिच्यानंतर मी कुणाला नवीन शिकवायच्या भानगडीत पडले नाही.

पन्नाशी उलटली. बाबा ब्याऐंशीचे झाले. भावाची मुलगी पदवीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत घरी होती. एका रविवारी भावाचा फोन आला. माझे हात पिठाचे होते म्हणून मी स्पीकर लावला.

"ताई, तू आता थकलीस," तो म्हणाला. "पोरगी तशी घरीच आहे. तिला पाठवतो. थोडे दिवस बसेल क्लासमध्ये. तोवर बघू काय ते."

"तिला इथे पाठवायचं नाही," मी म्हटलं.

"अगं, थोडेच दिवस."

"मलाही थोडेच दिवस सांगितले होते!" मी इतक्या जोराने ओरडले की खालून कुणीतरी 'काय झालं' म्हणून हाक दिली. मी पिठाच्या हातानेच फोन बंद केला.

बाबा कॉटवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मग ते म्हणाले, "मलाही."

"काय तुम्हालाही?"

"काकांनी चार महिने सांगितले होते. क्लास त्यांचा. डोळ्याचं ऑपरेशन होतं त्यांचं. मी गावाहून आलो होतो तो तार खात्यात लागायला. कट्ट-कडकट्ट सगळं शिकून झालं होतं. काका म्हणाले, डोळा बरा होईपर्यंत बस."

हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. "कधी बोलला नाहीत."

"कुणाला बोलणार? तुझ्या आईला माहीत होतं." डाव्या हाताने ते उजव्या हाताची बोटं सरळ करत राहिले. "पुढे तारही बंद झाली. लोक म्हणतात तसं मीही म्हणायचो, बरं झालं नाही गेलो. पण तसं नसतं ते."

"मग मला का बसवलंत, बाबा?"

त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

"मला वाटलं, या वेळी खरंच बंद पडेल," ते म्हणाले.

मी पोळ्या लाटल्या. दुसरं काय करणार होते? रागावण्यासारखं काही हाताला लागेना. माझ्यासमोर बसलेला म्हातारा माझ्यासारखाच कुणीतरी 'तोवर' म्हणून बसवलेला माणूस होता, आणि त्याने मला बसवताना खोटं सांगितलं नव्हतं. पण त्या रविवारी मला एक कळलं. क्लास बंद पडायची वाट बघून मी कधीच सुटणार नव्हते. तो चालू असतानाच मला उठावं लागणार होतं.

डिलाईल रोडची ती मुलगी, म्हणजे आता दोन लेकरांची आई, कंत्राट संपल्यामुळे काम शोधत होती. मी तिला बोलावलं. क्लास तू चालव, म्हटलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"बघू ना. जमेल तसं."

"तसं नको, मॅडम. लिहून द्या. अकरा महिने. नंतर मला विचारायचं, मी हो म्हटलं तर पुढे."

मी खाली जाऊन कागद टाइप केला. 'साधारण अकरा महिने' असं लिहिलं होतं. तिने ओळ न ओळ वाचली आणि 'साधारण' खोडायला लावलं.

त्याला आता आठ महिने झाले. क्लास चालू आहे, माझ्या वेळेपेक्षा जोरात. तिने पाटी रंगवून घेतली, बाकं बदलली. दुपारी जमिनीतून खालच्या कीबोर्डांची कुरकुर वर येते आणि माझी बोटं अजून मांडीवर हलतात. वाडीत सगळे मला 'क्लासच्या बाई'च म्हणतात. सुटले असं छातीठोकपणे सांगवत नाही. बाबांना आता दिवसभर माणूस लागतं, म्हणजे मी खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर आले इतकंच, असंही काही दिवशी वाटतं. सकाळी तासभर मी टाक घेऊन अक्षरं काढते. श, ध, भ. पुरी, एका ओघात. अजून वाकडीच येतात.

गेल्या महिन्यात पुण्याला अक्षरं रेखाटण्याचं पंधरा दिवसांचं शिबिर असल्याचं समजलं. मी फॉर्म भरला आणि मग भावाला फोन केला. येऊन बाबांजवळ राहा, म्हटलं. तो आधी घोटाळला, पण आला. मी निघाले त्या सकाळी तो दारात उभा होता, बॅग खांद्यालाच. कॉटवरचे बाबा, औषधांच्या डब्या, खिडकीतली भिंत, असं सगळीकडे त्याने एकदा बघून घेतलं.

"ताई, म्हणजे तू येईपर्यंत मी इथेच ना?" त्याने विचारलं.

"पंधरा दिवस," मी म्हटलं.

तो तसाच उभा राहिला. मी पर्समधून परतीचं तिकीट काढून त्याला दाखवलं, तेव्हा कुठे त्याने बॅग खाली ठेवली.